नदीकाठी बसलं तर कोणी उठवतं का?

('स्त्रिया आणि शहर' या विषयावरील दोन दिवसांच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी दुपारी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

काल सकाळपासून आपण पाणी, रेशन, घर, बससेवा आणि संडास यांवर बोलतो आहोत. आता जेवण झाल्यावर मी नदीकाठच्या एका पायवाटेबद्दल आणि तिच्यावरच्या शिल्पांबद्दल बोलणार आहे. मघाशी चहाच्या वेळी एक मैत्रीण मला म्हणाली, "अगं, आधी पोटाचं बोल, मग पुतळ्यांचं." तिचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण हा विषय मी निवडला तो एका आजींच्या प्रश्नामुळे. म्हणून आधी त्या आजींचं सांगते.

मी गेली नऊ वर्षं ज्या वस्तीत काम करते ती नदीला लागून आहे. तिथल्या बायकांची दोन पिढ्यांची धुणी त्याच घाटावर झाली. २०२२ च्या सप्टेंबरात कामानिमित्त तीन आठवडे मला लंडनला जायला मिळालं. परत आल्यावर मंडळाच्या बैठकीत सगळ्यांनी फोटो दाखवायला लावले. राणीच्या राजवाड्याचा फोटो माझ्याकडे नव्हता. होते ते एका नदीकाठच्या वाटेचे, तिथल्या शिल्पांचे, आणि बाकावर बसून डबा खाणाऱ्या माझ्या मामेबहिणीचे. बायकांनी ते हातोहात फिरवले. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या आजी सत्तरीच्या आहेत. त्यांनी तो बाकाचा फोटो डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ताई, तिथं असं बसलं तर कोण उठवत न्हाई का?"

मी पटकन म्हणून गेले, "नाही आजी, तिथे कोणीही बसू शकतं. फुकट आहे." आणि रात्री घरी गेल्यावर मला वाटायला लागलं की मी आजींना अर्धवट उत्तर दिलं. कारण त्याच महिन्यात आमच्या घाटावर टेप घेऊन माणसं आली होती. नदीकाठ सुशोभित होणार, चालायला फरसबंद वाट होणार, शिल्पं बसणार, असं सांगून त्यांनी घरांच्या दारांवर लाल रंगाने आकडे टाकले होते. आजींच्या दारावरही आकडा होता. तेव्हा आजींचा प्रश्न लंडनचा नव्हता. तो त्यांच्या स्वतःच्या घाटाचा होता. आजचं माझं बोलणं म्हणजे त्या प्रश्नाचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी ती वाट काय आहे ते सांगते. तिचं नाव 'द लाइन'. पूर्व लंडनमध्ये २०१२ साली ऑलिंपिक झाले त्या बागेपासून ती निघते, ली नावाच्या नदीच्या आणि तिच्या फाट्यांच्या कडेने खाली उतरते, जुन्या गोद्यांना वळसा घालते आणि थेम्स ओलांडून ग्रिनिचच्या टोकाला पोचते. पृथ्वीच्या नकाशावरची शून्य रेखांशाची रेघ या भागातूनच जाते, तिला धरून ही वाट आखली म्हणून हे नाव. मेगन पायपर या कलाक्षेत्रातल्या बाई आणि क्लाइव्ह डटन हे नगर-पुनर्रचनेतले गृहस्थ, या दोघांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. लोकांकडून वर्गणी गोळा करून २०१५ साली वाट खुली झाली. बरीचशी शिल्पं कलाकारांकडून काही काळापुरती मागून आणलेली असतात, त्यामुळे ती बदलत राहतात. तिकीट नाही, फाटक नाही. शिल्पाच्या आजूबाजूला दोरी नाही. लहान मुलं हात लावतात, कुत्री वास घेतात, कोणी त्याला टेकून सिगारेट ओढतं.

माझी मामेबहीण त्या भागात इस्पितळात नर्स आहे. पंधरा वर्षं तिथे राहून ती या वाटेवर कधी गेली नव्हती. "ड्यूटीवरून आल्यावर कोण चालतंय!" हे तिचं उत्तर. ही तक्रार नाही, पण नोंद करून ठेवा. फुकट गोष्टीलाही वेळ लागतो, आणि बाईकडे पैशाहून वेळ कमी असतो. एका रविवारी मी तिला ओढूनच नेलं.

ऑलिंपिकच्या बागेत सगळ्यांत आधी एक लाल लोखंडी वेटोळं दिसतं. ११४.५ मीटर उंच आहे. अनिश कपूर आणि सेसिल बाल्मंड या दोघांनी ते केलं. कपूर मूळचे मुंबईत जन्मलेले, आणि पोलादवाल्या मित्तलांचं नाव त्या शिल्पाला आहे. म्हणजे आपल्याकडची माणसं तिथेही मोठी झाली आहेत. पण वर चढायला तिकीट होतं. आम्ही खालूनच पाहिलं.

मात्र नदीच्या काठाला लागल्यावर चित्र बदललं. या नदीचा इतिहास आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या नदीसारखाच आहे. १८४४ च्या एका कायद्याने लंडनच्या हद्दीत घाण आणि दुर्गंधी करणाऱ्या धंद्यांवर बंधनं आली. ली नदीच्या पलीकडचा काठ हद्दीबाहेर होता. मग हाडं उकळणारे, साबण करणारे, रसायनांचे असे सगळे कारखाने तिकडे गेले, आणि त्यांच्या मागोमाग गरीब मजूर. शहराला जे नको ते नदीच्या पलीकडे, आणि ज्यांच्या हातांशिवाय शहराचं चालत नाही तेही तिथेच. आपल्याला यात नवीन काय?

तिथे 'थ्री मिल्स' म्हणून ठिकाण आहे. भरती-ओहोटीच्या पाण्यावर चालणारी १७७६ सालची एक मोठी गिरणी तिथे अजून उभी आहे. तिच्यात दारूच्या भट्टीसाठी धान्य दळलं जाई. या गिरणीजवळच्या हिरवळीवर मला ती दिसली.

ती म्हणजे नऊ फूट उंच काशाची बाई. काळी, तरुण, अंगात साधे रोजचे कपडे, केस बांधलेले. दोन्ही हातांत मोबाईल धरून त्यात बघते आहे. चौथरा नाही, सरळ जमिनीवर उभी. थॉमस जे. प्राइस या कलाकाराने ती केली आणि २०२० साली इथे बसवली. ही कोणी राणी नाही, वीरांगना नाही, देवी नाही, कुणाची आई म्हणूनही उभी नाही. अनेक बायकांवरून घडवलेली एक कोणीतरी. तिने काय केलं म्हणून पुतळा, असं विचाराल तर उत्तर नाही. ती आहे, एवढंच.

मी तिथे बराच वेळ थांबले. आपल्या शहरातले पुतळे डोळ्यांपुढे आणून बघा. घोड्यावरचे, हात उंचावलेले, पुस्तक धरलेले. त्यांत बायका किती? आणि आहेत त्यांना तिथे पोचायला काय काय करावं लागलं? सावित्रीबाईंना शेणगोळे झेलावे लागले, राणी लक्ष्मीबाईंना मरावं लागलं. साधी बाई, बसची वाट बघणारी, फोनवर मुलाला 'कुठं आहेस' विचारणारी, तिला शहरात उंच जागा नाही. माझी बहीण त्या पुतळ्याशेजारी उभी राहिली, स्वतःचा फोन काढून तशीच वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "घे फोटो. माझ्या वॉर्डातल्या सगळ्या अशाच उभ्या असतात." एवढ्या वाटेत तिला सगळ्यात आवडलेलं शिल्प हेच.

या जागेपासून चालत पंधरा मिनिटांवर आणखी एक पुतळा आहे. तो या शिल्पवाटेवर नाही, पण मी मुद्दाम वाट सोडून गेले. बो भागातल्या चर्चसमोर इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा पुतळा आहे. जवळच्या ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कारखान्याच्या मालकांपैकी एकाने १८८२ साली तो उभारला. मजूर बायकांमध्ये अशी हकीकत होती की या पुतळ्यासाठी त्यांच्या पगारातून एकेक शिलिंग कापला गेला, आणि अनावरणाच्या दिवशी काही जणींनी हात कापून घेऊन रक्त त्या दगडावर सांडलं. अॅनी बेझंट यांनी ती हकीकत लिहून ठेवली. आजही कोणी ना कोणी त्या पुतळ्याचे हात लाल रंगाने रंगवून जातं. मी गेले तेव्हाही ते लाल होते.

याच कारखान्यातल्या सुमारे १४०० मुली आणि बायका १८८८ च्या जुलैत संपावर गेल्या. पिवळ्या-पांढऱ्या फॉस्फरसमुळे जबड्याचं हाड कुजायचं. पाय मळलेले असले तर दंड, बोललं तर दंड. बेझंटबाईंनी त्याबद्दल लेख लिहिला. मालकांनी 'हे खोटं आहे' अशा कागदावर सह्या मागितल्या, मुलींनी नकार दिला, आणि काम बंद पडलं. काही आठवड्यांत दंड रद्द झाले आणि बायकांची युनियन उभी राहिली. फॉस्फरसवर कायद्याने बंदी यायला मात्र १९०८ साल उजाडलं. या बेझंटबाई पुढे १८९३ साली हिंदुस्थानात आल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या, हे आपण शाळेत शिकतो. काडेपेटीच्या मुलींचं मात्र आपल्याला कोणी शिकवत नाही. त्या कारखान्यात आता महागडी घरं आहेत. मी गेले त्याच वर्षी, २०२२ च्या जुलैत, त्याच्या भिंतीवर संपाची आठवण म्हणून निळी पाटी लागली. म्हणजे १३४ वर्षांनी.

म्हणून सार्वजनिक जागेतल्या कलेबद्दल मी आता आधी हे विचारते: पैसे कोणाच्या पगारातून कापले? आणि पुतळा कोणाचा झाला?

त्याच भागात किंग्जली हॉल आहे. म्युरिएल आणि डोरिस लेस्टर या दोन बहिणींनी मजूर वस्तीसाठी ते चालवलं. १९३१ साली गोलमेज परिषदेला आलेले गांधीजी बड्या हॉटेलात न उतरता तिथे राहिले आणि पहाटे या गल्ल्यांतून फिरायला जात. वस्तीत राहून काम करणं ही आपल्याकडे समाजकार्याच्या अभ्यासक्रमात शिकवली जाणारी गोष्ट आहे. त्या दोघी तिथे ते करूनच दाखवत होत्या.

परत नदीकाठी येते. पुढे बाजारातल्या ढकलगाड्या एकमेकींवर पिळून रचलेलं एक उंच शिल्प आहे. अॅबिगेल फॅलिस या बाईंनी २२ ट्रॉल्या घेऊन डीएनएची जोड-सर्पिल साखळी केली आहे. शरीरात रक्ताच्या नात्याबरोबर आता खरेदीही भिनली, असा मी त्याचा अर्थ लावला. बहिणीने लावलेला अर्थ असा की कुणीतरी या ट्रॉल्या नदीतूनच काढल्या असणार. तिचं ऐकून एक आजोबा हसले आणि म्हणाले, नदीत खरोखरच अशा ट्रॉल्या पडलेल्या असायच्या.

या वाटेशी आणखी एका बाईचं नाव जोडलेलं आहे, तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मॅज गिल, जन्म १८८२. लग्नाबाहेर जन्मलेली म्हणून आधी घरात लपवलेली, मग अनाथाश्रमात टाकलेली, आणि तिथून कॅनडाला शेतावर राबायला पाठवलेली. मोठी होऊन परत आली, नर्स झाली, लग्न केलं. १९१८ च्या साथीत एक मुलगा गेला. पुढच्या वर्षी मुलगी मृत जन्मली, आणि आजारपणात तिच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. त्यानंतर तिने चित्रं काढायला सुरुवात केली. शिक्षण नाही, गुरू नाही. रात्र-रात्र बसून पोस्टकार्डांवर, कापडाच्या लांबच लांब तागांवर शाईने बायकांचे चेहरे काढायची. माझ्या हातून एक आत्मा काढून घेतो, असं म्हणायची. चित्रं विकायला तयार नसायची. १९६१ साली ती गेल्यावर त्याच ईस्ट हॅमच्या घरात चित्रांचे ढीग सापडले, आणि त्यांतली पुष्कळशी तिथल्या नगरपालिकेकडे आली. आता त्या चित्रांच्या मोठ्या प्रती या वाटेवर उघड्यावर लावल्या गेल्या.

आपल्या वस्त्यांमध्ये अंगात येणाऱ्या बायका आपण पाहतो. अंधश्रद्धा म्हणून आपण त्यांना समजवायला जातो, आणि जायलाही हवं. पण मॅज गिलची गोष्ट वाचल्यापासून मी आधी थोडं ऐकून घेते. या बाईला काय सांगायचं आहे आणि ते दुसऱ्या कुठल्या दाराने सांगायची सोय तिला आहे का, हे बघते.

आता वाटेच्या अडचणी सांगते. थोडं पुढे 'कोडी डॉक' म्हणून जुनी गोदी आहे. कचऱ्याने भरलेली होती, आसपासच्या लोकांनी स्वयंसेवक जमवून ती साफ केली. तिथे चहा मिळाला. पण त्याच्यापुढे नदीकाठची वाट तुटते. खाजगी जागा, कुंपणं. कारखान्यांच्या शेडमधून वळसा घालून रेल्वे स्टेशन गाठायचं आणि दोन-तीन स्टेशनं गाडीने जायचं. म्हणजे फुकट वाटेला पहिलं तिकीट लागलं. पुढे थेम्स ओलांडायला तारेवरचा पाळणा आहे, त्याला दुसरं तिकीट. आम्ही दोघी नोकरदार, आम्हाला ते परवडलं. दोन मुलं घेऊन आलेल्या बाईला परवडेलच असं नाही.

गंमत म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनने हा विचार केला होता. वुलिचची नाव १८८९ पासून फुकट आहे. ग्रिनिचला थेम्सच्या तळाखालून चालत जायचा बोगदा १९०२ साली झाला, तोही फुकट. कारण एका काठाला राहणाऱ्या मजुरांना दुसऱ्या काठाच्या गोदीत कामाला जायचं होतं, आणि त्यांच्या पुढाऱ्यांनी तो मागून घेतला. मागितल्याशिवाय फुकट काही होत नाही, तिथेही नाही.

दुसरी अडचण अंधाराची. एका मंगळवारी संध्याकाळी मी एकटीच पुन्हा त्या वाटेवर गेले. साडेसहाला ऊन होतं, कुत्री फिरवणारे होते, धावणाऱ्या मुली होत्या. सव्वासातला वाट रिकामी झाली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला भिंत, पुढे पुलाखालचा अंधार. मागून पावलं वाजली. माणूस सरळ आपल्या वाटेने निघून गेला, बिचाऱ्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पण माझ्या हातात किल्ल्या कशा आल्या ते मला कळलं नाही. आपल्या गल्लीत आपण धरतो तशाच, बोटांच्या मध्ये. मी मागे फिरले. घरी बहिणीने फैलावर घेतलं: "इथं काय सगळं सुरक्षित आहे असं वाटलं का तुला?" २०२१ च्या मार्चमध्ये दक्षिण लंडनमध्ये संध्याकाळी पायी घरी निघालेल्या एका तरुणीला नोकरीतल्या पोलिसानेच पळवून नेलं आणि तिचा खून केला. तिच्यासाठी मेणबत्त्या घेऊन जमलेल्या बायकांनाही पोलिसांनी खेचून हटवलं. ते बहिणीने त्या रात्री मला सगळं सांगितलं.

म्हणून शिल्प कितीही चांगलं असलं तरी त्याच्यापर्यंत बाई किती वाजेपर्यंत जाऊ शकते, हे त्या शिल्पाच्या मापांइतकंच महत्त्वाचं आहे.

गोद्यांजवळ मला आपल्याकडच्या बायका आठवल्या. साहेबांची मुलं सांभाळत बोटीने विलायतेला गेलेल्या आया. पोचल्यावर कित्येकींना तिथेच सोडून दिलं जाई. परतीचं कोणी बघेना. हॅकनी भागात त्यांच्यासाठी एक घर होतं, त्याच्यावर २०२२ च्या जूनमध्ये पाटी लागली. गोदीवर मात्र त्यांचं शिल्प मला दिसलं नाही. तिथून जवळच राना बेगम या बाईंचं रंगीत जाळ्यांचं ढगासारखं काम आहे. ती सिल्हेटला जन्मलेली, लहानपणी इंग्लंडला आलेली. बहीण म्हणाली, "चला, आपल्या बाजूची एक तरी सापडली."

आता मी त्या रात्री आजींना जे सांगायला हवं होतं ते सांगते. ती वाट फुकट आहे, तिथे कोणी उठवत नाही, हे खरं. पण ती वाट जिथून निघते तिथे आधी कोण होतं? ऑलिंपिकच्या बागेसाठी क्लेज लेन नावाची सहकारी वसाहत २००७ साली पाडली. चारशेहून अधिक माणसं तिथून उठली. पुढे २०१३ साली बागेच्या शेजारच्याच स्ट्रॅटफर्डमध्ये, वसतिगृहात राहणाऱ्या २९ तरुण आयांना बाहेर पडायची नोटीस आली. घर हवं तर बर्मिंगहॅमला जा, मँचेस्टरला जा, असं सांगितलं गेलं. कडेवर मूल, आई-बहीण इथे, आणि घर तीनशे किलोमीटरवर. या मुली गप्प बसल्या नाहीत. दर शनिवारी रस्त्यावर टेबल मांडून उभ्या राहिल्या. 'फोकस ई फिफ्टीन' हे त्यांच्या मोहिमेचं नाव. २०१४ च्या सप्टेंबरात त्यांनी जवळच्या कार्पेंटर्स वसाहतीतली रिकामी ठेवलेली घरं ताब्यात घेतली आणि सुमारे दोन आठवडे सगळ्यांना उघडी ठेवली. चांगली घरं, नळाला पाणी, आणि वर्षानुवर्षं कुलूप. हे सगळ्यांना दिसलं. तिथल्या महापौरांना माफी मागावी लागली.

म्हणजे आजी, उत्तर असं आहे. तिथे बाकावर बसलं तर कोणी उठवत नाही. पण बाक मांडायच्या आधी काही जणांना उठवलं होतं.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. अहमदाबादला साबरमतीचा काठ सुंदर झाला, त्यासाठी दहा हजारांहून अधिक कुटुंबं हलली. तिथल्या नव्या पुलावरून नुसतं चालायलाही तिकीट आहे.

मग आपण काय म्हणायचं? 'नको तुमची शिल्पं, नको तुमची वाट' असं? मी त्या मताची नाही. कारण मी त्या बाकावर बसले आहे. काही विकत न घेता, कुणाची वाट न बघता, हातात भाजीची पिशवी नसताना मी दीड तास नदीकाठी बसले आणि मला कोणी विचारलं नाही की बाई, इथे का? मुंबईतल्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर' हे पुस्तक लिहिलं. बाईला कामाशिवाय, कारणाशिवाय शहरात रेंगाळायचा हक्क हवा, अशी त्यांची मांडणी आहे. पूर्वी मला ती खात्यापित्या घरच्या मुलींची वाटायची. आजींच्या प्रश्नानंतर वाटत नाही. चाळीस वर्षं त्या बाईने नदीवर धुणी धुतली. तिथे नुसतं बसलेली ती कधीच नव्हती.

म्हणून आम्ही मंडळात ठरवलं आणि एका रविवारी दुपारी चार वाजता २३ जणी घाटापासून पुलापर्यंत चालत गेलो. बरोबर एक कार्डशीट आणि दोन रंगांचे पेन. बायका जिथे थांबतात तिथे हिरवी खूण, जिथून पाय उचलून पळतात तिथे लाल. दीड तासात आमच्या हाती काय आलं ते सांगते. सार्वजनिक मुतारी एक, तिला कुलूप, किल्ली चौकीदाराकडे, चौकीदार बेपत्ता. मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी'च्या बायका याच कुलपांशी भांडत आहेत, हे आठवलं. दिवे सात, त्यांतले चार बंद. सावलीची बसायची जागा एकच, पिंपळाचा पार, आणि तो पत्तेवाल्यांचा. आणि सगळ्यात हिरव्या खुणा कुठे पडल्या असतील? घाटाच्या पायऱ्यांवर. जिथे आखणीत वाहनतळ दाखवला आहे तिथे.

त्या कार्डशीटवरून आम्ही मागण्यांचा कागद केला. तो तुमच्या वस्तीलाही लागू पडेल म्हणून वाचून दाखवते.

पहिली मागणी: काठावर राहणाऱ्यांचं घर आधी पक्कं करा, तेही काठापासून पायी अंतरावर. वाट आणि शिल्पं नंतर.

दुसरी: घाटाच्या पायऱ्या राहू द्या. धुणं बंद झालं तरी बसणं बंद होणार नाही.

तिसरी: ज्याला पाठ आहे असा बाक. कमरेच्या दुखण्याच्या बायकांनी हे मुद्दाम लिहायला लावलं.

चौथी: मुतारी, पाणी आणि दिवे, शिल्पाच्या आधी. मुतारीला किल्ली नको.

पाचवी: आत यायला, पलीकडे जायला तिकीट नको.

सहावी: कोणाचं शिल्प बसवायचं हे ठरवताना वस्तीतल्या बायकांना विचारा.

या सहाव्या मागणीवर बैठकीत खूप हशा पिकला. कोणी म्हणाली धुणेवालीचा पुतळा करा. दुसरी म्हणाली, "नको बाई, तिथंही धुणंच धुवायचं का?" शेवटी आजींना विचारलं. त्या म्हणाल्या, "बसलेली करा. काय करत न्हाई, अशी."

कागद आम्ही संबंधित कचेरीत देऊन पोच घेतली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. आम्ही दर पंधरा दिवसांनी विचारायला जातो, आणि जाताना चौघी-पाच जणी जातो.

मैत्रिणींनो, माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या गावाला नदी असेल, ओढा असेल, तळं असेल, नाला असेल. येत्या महिनाभरात एका संध्याकाळी दहा-वीस जणी मिळून त्याच्या काठाने चाला. कार्डशीट न्या. हिरव्या-लाल खुणा करा. आखण्या आपल्यापर्यंत पोचतात तेव्हा बहुतेक वेळा पक्क्या झालेल्या असतात, म्हणून आपल्या खुणा आधी तयार हव्यात. पुढच्या शिबिराला प्रत्येक मंडळाने आपलं कार्डशीट आणावं, आपण ती सगळी भिंतीवर शेजारी शेजारी लावू.

आणि चालून झालं की लगेच घरी पळू नका. स्वयंपाक अर्धा तास थांबेल. तिथेच बसा. कोणी उठवायला आलं तर का उठायचं ते त्यालाच विचारा.